ग्राफ्ट स्वच्छ आहे, मग दिसत का नाही?

वाचकाचं पत्र

माझं वय ३४. इमारतींचे नकाशे काढण्याचं काम करते, म्हणजे दिवसभर कॉम्प्युटर, आणि आठवड्यातून एक-दोनदा बांधकामाच्या साइटवर फेरी. दोन्ही डोळ्यांना केराटोकोनस आहे, म्हणजे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे आलं आहे. डाव्या डोळ्याला कडक कॉन्टॅक्ट लेन्स लावली की चांगलं दिसतं. उजव्या डोळ्याचं बुबुळ बदलून सहा महिने झाले. १६ टाके होते, त्यातले दोन गेल्या महिन्यात काढले. डॉक्टर दर वेळी सांगतात, ग्राफ्ट, म्हणजे बसवलेलं नवं बुबुळ, काचेसारखा स्वच्छ आहे. मला मात्र त्या डोळ्यानं तक्त्यावरचं सगळ्यात वरचं अक्षर तेवढं ओळखता येतं, आणि एका रेषेच्या दोन-तीन रेषा दिसतात. ऑफिसात दोन तासांत डोकं दुखायला लागतं. साहेब विचारतात, अजून किती दिवस? ओळखीतल्या एकांनी सांगितलं की स्टेरॉइडचे थेंब इतके महिने घालणं घातक आहे, बंद करून टाका. माझं ऑपरेशन फसलं का? आणि नोकरीचं काय करू?

उत्तर

नमस्कार,

ऑपरेशन फसलेलं नाही. तुमच्या डॉक्टरांनी ग्राफ्ट स्वच्छ असल्याचं सांगितलं, ते तुमची समजूत काढण्यासाठी नव्हे. सहाव्या महिन्यात एवढंच खात्रीनं सांगता येतं आणि तेच सर्वांत महत्त्वाचं असतं. पण ग्राफ्ट स्वच्छ असणं वेगळं आणि डोळ्याला स्पष्ट दिसणं वेगळं. पूर्ण जाडीचं बुबुळ बदललं असेल तर या दोहोंमध्ये वर्ष-दीड वर्षाचा काळ जातो. ऑपरेशनपूर्वी हे कुणी नीट समजावलं नाही की सहाव्या महिन्यात माणूस नेमका तुमच्यासारखा घाबरतो.

डोळ्याची प्रकाश एकवटण्याची ताकद साधारण ६० डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजण्याचं एकक) धरली, तर त्यातले ४३ च्या आसपास एकट्या कॉर्नियाचे, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे. ‘बुबुळ बदललं’ म्हणतात तेव्हा हाच पडदा बदललेला असतो. हे सगळं काम तो आपल्या गोलाईच्या जोरावर करतो. तुमच्या डोळ्यात या पडद्याचा मधला, साधारण आठ मिलिमीटर व्यासाचा गोल भाग काढून तिथं दात्याचा तसाच गोल बसवला आहे आणि केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्यानं कडेनं शिवला आहे. एखादा टाका शेजारच्यापेक्षा थोडा जास्त ओढला गेला तरी त्या दिशेची गोलाई बदलते आणि तिथं सिलिंडर नंबर, म्हणजे वेगवेगळ्या दिशांच्या गोलाईतल्या फरकाचा नंबर, तयार होतो. काच स्वच्छ आहे, पण तिचा आकार अजून वेडावाकडा आहे, अशी तुमच्या डोळ्याची सध्याची स्थिती आहे. एका रेषेच्या तीन रेषा त्यामुळेच दिसतात. नकाशाच्या कामात तुम्हाला कदाचित आणखी एक गोष्ट जाणवली असेल: उजव्या डोळ्यानं पाहताना एका दिशेच्या रेषा बऱ्या दिसतात आणि त्यांना काटकोनात असलेल्या रेषा पसरट, पुसट दिसतात. ती सिलिंडरची खूण आहे.

याची घरी एक साधी चाचणी करता येते. जाड कागदाला सुईनं साधारण एक मिलिमीटरचं भोक पाडा. डावा डोळा तळहातानं झाका, पण दाबू नका. चांगल्या उजेडात उजव्या डोळ्यानं त्या भोकातून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहा. भोकातून आकडे बऱ्यापैकी स्पष्ट झाले, तर प्रकाश आत नीट पोचतो आहे आणि अडचण फक्त नंबराची आहे. फारसा फरक पडला नाही तर लगेच घाबरू नका, कारण आकार फारच अनियमित असेल तरी तसं होतं. पण पुढच्या भेटीत ते आवर्जून सांगा. दवाखान्यात याच तत्त्वावर पिनहोल लावून दृष्टी मोजतात. तुमच्या केसपेपरवर तो आकडा लिहिलेला असेल, तो विचारून घ्या. पिनहोलशिवाय ६/६० (तक्त्यावरचं सगळ्यात वरचं अक्षर तेवढं) आणि पिनहोलमधून ६/१२ (बरीच खालची ओळ) असं लिहिलेलं असेल, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

इतका वेळ का लागतो

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे तो पारदर्शक असतो, शरीराच्या संरक्षक पेशी तिथं सहज पोचत नाहीत आणि दात्याचं बुबुळ सहसा इतर अवयवांसारखं जुळवून न पाहताही टिकतं. पण याच कारणानं जखमही फार सावकाश भरते. त्वचेचे टाके आठ-दहा दिवसांत निघतात, इथले सगळे काढायला सहसा वर्ष ते दीड वर्ष लागतं. काही वेळा टाके निवांत पडलेले असतात, दृष्टीही चांगली असते, मग डॉक्टर ते तसेच राहू देतात.

सुट्टे टाके असतील तर साधारण तिसऱ्या महिन्यानंतर एक-एक, दोन-दोन करून काढता येतात. त्याआधी कॉर्नियाच्या गोलाईचा रंगीत नकाशा, म्हणजे टोपोग्राफी, काढतात. ज्या दिशेला गोलाई जास्त उभी आहे तिथला टाका जास्त घट्ट आहे असं समजतात आणि तोच कापतात. मग चार ते सहा आठवडे थांबून पुन्हा नकाशा. म्हणून तुमचा नंबर सध्या दर महिन्या-दीड महिन्याला बदलणार आहे, आणि एखादा टाका काढल्यावर दृष्टी आधीपेक्षा कमी झाल्यासारखंही वाटेल. पुढचा टाका निघाला की ती पुन्हा सुधारू शकते. ही चढउतार धरूनच कामाची आखणी करा.

टाका काढल्यानंतरचे काही दिवस मात्र जास्त सांभाळायचे. धागा बाहेर ओढताना जंतू आत जाण्याची शक्यता असते आणि रिजेक्शनलाही, म्हणजे शरीरानं दात्याचं बुबुळ परकं समजून त्यावर हल्ला करण्याला, निमित्त मिळू शकतं. डॉक्टर काही दिवस अँटिबायोटिक थेंब देतात, कधी स्टेरॉइडची मात्राही थोडी वाढवतात. ‘आज फक्त टाका काढला’ म्हणून हे थेंब चुकवणारे बरेच असतात. असं करू नका. ज्या दिवशी टाका निघणार असेल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी साइटवर जायचं नाही, ऑफिसच्या वेळापत्रकात आधीच तशी नोंद करा.

टाका आपोआप सैल होणं किंवा तुटणं ही वेगळी बाब आहे. डोळ्यात कण गेल्यासारखं सतत टोचतं, पाणी येतं, चिकट घाण धरते. सैल टाक्याभोवती घाण साचून जंतुसंसर्ग होतो आणि त्या दिशेनं रक्तवाहिन्या ग्राफ्टकडे वाढू लागतात. रक्तवाहिन्या आल्या की रिजेक्शनचा धोका वाढतो. म्हणून तो त्याच दिवशी काढून घ्यावा लागतो. पुढची तारीख चार दिवसांवर आहे म्हणून थांबू नका. आणखी एक अडचण अशी की ऑपरेशनमध्ये कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात आणि त्या भागाची संवेदना बराच काळ कमी राहते. टोचणं अगदी सौम्य असलं तरी ते सौम्य समजू नये.

थेंब बंद करू नका

तुम्हाला सल्ला देणाऱ्या व्यक्तीनं धोका सांगितला तो खरा आहे. स्टेरॉइडच्या थेंबांनी काहींच्या डोळ्याचं प्रेशर वाढतं, दीर्घकाळ घातल्यास मोतीबिंदू होऊ शकतो, जंतुसंसर्गाशी लढण्याची डोळ्याची ताकद कमी होते. पण त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा आहे. मानवी कॉर्नियाचं पहिलं यशस्वी पूर्ण जाडीचं रोपण १९०५ साली एडुआर्ड त्सिर्म यांनी केलं. पण हे ऑपरेशन भरवशाचं होण्यामागे पुढे आलेल्या बारीक टाक्यांइतकाच स्टेरॉइड औषधांचा वाटा आहे. शरीराला नव्या बुबुळाची सवय होईपर्यंत हे थेंब त्याचं रक्षण करतात. सहा महिन्यांनी एकदम बंद केले तर रिजेक्शनला आपणच दार उघडून देतो. मात्रा पायरीपायरीनं कमी होते, दिवसातून चार वेळा, तीन, दोन, एक अशी, आणि पूर्ण जाडीच्या ग्राफ्टमध्ये दिवसातून एक थेंब वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ चालू राहू शकतो. कोणती पायरी कधी उतरायची हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

प्रेशर वाढलं तरी सहसा दुखत नाही, म्हणून ते तुम्हाला कळणार नाही. ते प्रत्येक भेटीत मोजलं गेलं पाहिजे आणि आकडा तुमच्या वहीत हवा. वाढलेलं आढळलं तर डॉक्टर प्रेशर कमी करणारे थेंब जोडतात किंवा सौम्य स्टेरॉइडवर आणतात. थेंब बंद करण्याची वेळ क्वचितच येते.

आता थेंब घालण्याबद्दल, कारण यातल्या चुका दिसत नाहीत. प्रेडनिसोलोन ॲसिटेटचे थेंब पांढरट असतात. औषध द्रवात विरघळलेलं नसून तरंगत असतं आणि बाटली उभी ठेवली की तळाशी बसतं. न हलवता घातलं तर नुसतं पाणी पडतं आणि बाटली संपत येते तेव्हा दाट औषध. म्हणून दर वेळी १५-२० वेळा नीट हलवा. हात धुवा, मान मागे करा, खालची पापणी गालाच्या हाडाकडे ओढा आणि तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब टाका. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. डोळा अलगद मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर, बुबुळावर नव्हे, बोटानं हलका दाब देऊन एक-दोन मिनिटं थांबा. तसं केलं नाही तर औषध अश्रुनलिकेतून घशात जातं आणि कडवट चव येते. दोन वेगळ्या थेंबांत किमान पाच मिनिटं जाऊ द्या, मलम असेल तर सगळ्यात शेवटी. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा, चार आठवड्यांनी उरलेलं औषध टाकून द्या.

ऑफिसात थेंब चुकतात ते बहुधा एकाच कारणानं: घातल्यावर पाच-दहा मिनिटं धूसर दिसतं आणि काम अडतं. मग ‘हे एवढं संपवते आणि घालते’ असं होतं. त्यावर उपाय म्हणून दुपारचा थेंब जेवणाच्या सुट्टीच्या सुरुवातीला बांधून टाका, फोनवर गजर लावा, एक बाटली घरी आणि एक ऑफिसात ठेवा. थेंब चुकलाच तर आठवेल तेव्हा घाला. पुढच्या वेळी दोन घालून भरपाई करायची नाही.

चार लक्षणं

लाली, उजेड सहन न होणं, दृष्टी कमी होणं, दुखणं. यातलं एकही लक्षण पाच-सहा तास टिकलं तर त्याच दिवशी कॉर्नियाच्या डॉक्टरांना दाखवायचं. रात्र असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा. घरात उरलेले कुठलेच थेंब आपल्या मनानं सुरू करायचे नाहीत. रिजेक्शन वेळेत पकडलं तर बहुतेक वेळा तासातासाला स्टेरॉइड देऊन परतवता येतं. उशीर झाला तर ग्राफ्टच्या आतल्या थरातल्या पेशी मरतात, आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर उपसून त्याला पारदर्शक ठेवण्याचं काम याच पेशी करतात. रिजेक्शन पहिल्या एक-दोन वर्षांत जास्त होत असलं तरी दहा वर्षांनीही होऊ शकतं, म्हणून ही चार लक्षणं आयुष्यभर लक्षात ठेवायची आहेत.

कधी कधी डोळा लाल होत नाही, दुखतही नाही, फक्त धूसरपणा येतो. तुमच्या डोळ्याला आधीच कमी दिसत असल्यानं ही घट निसटण्याची भीती जास्त आहे. म्हणून रोज सकाळी एक मिनिट द्या. डावा डोळा झाका, ठरलेल्या जागी उभं राहून त्याच उजेडात तीच वस्तू पाहा, घड्याळ किंवा दाराची चौकट. कालच्यासारखीच दिसते का, दिव्याभोवती नवं वलय आहे का, एवढंच पाहायचं. सकाळी धूसर आणि दुपारपर्यंत मोकळं, असं काही दिवस ओळीनं होऊ लागलं तर तेही कळवा. रात्रभर पापण्या मिटलेल्या असताना कॉर्नियात पाणी साचतं. आतल्या पेशी दमलेल्या असतील तर ते उपसायला उशीर लागतो.

एक दिलासा देण्यासारखी गोष्ट: केराटोकोनससाठी केलेल्या रोपणाचे निकाल सगळ्यात चांगल्या गटात मोडतात. पाच वर्षांनी दहातले नऊ ग्राफ्ट स्वच्छ असतात. मात्र केराटोकोनस असणाऱ्यांना डोळे चोळायची सवय असते, बऱ्याचदा ॲलर्जीमुळे. ती सवय आता कायमची सोडायची. खाज असेल तर तिचे वेगळे थेंब मागून घ्या. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू फ्रिजमध्ये थंड करून घातले तरी खाज बरीच शमते.

कामाची मांडणी

या वर्षभरात तुमचा कामाचा डोळा डावा आहे, हे आधी स्वीकारा. दोन तासांत डोकं दुखतं ते उजवा डोळा थकल्यामुळे नव्हे. डाव्याकडून आलेलं स्पष्ट चित्र आणि उजव्याकडून आलेलं तिहेरी चित्र मेंदू एकत्र बसवायला धडपडतो आणि जमत नाही, म्हणून. यावर स्वस्त आणि चांगला उपाय आहे. बिननंबरचा चष्मा घ्या आणि उजव्या काचेवर आतून दुधी, अर्धपारदर्शक टेप लावा. उजेड आत येतो, पण चित्र येत नाही आणि भांडण मिटतं. हा चष्मा फक्त स्क्रीनवरच्या बारीक कामासाठी वापरायचा, इतर वेळी काढायचा. ‘डोळा झाकला तर तो आळशी होईल’ ही भीती लहान मुलांच्या बाबतीत खरी आहे. तुमच्या वयात तसं होत नाही.

पण कामाचा डोळा डावा, म्हणजे त्याची लेन्सही आता जास्त जपायची. नळाचं पाणी नको, लेन्स लावून झोपायचं नाही. डाव्या डोळ्याला संसर्ग झाला तर तुमचं काम पूर्णच थांबेल.

स्क्रीन हाताच्या अंतरावर, ५० ते ७० सेंटिमीटर, आणि तिची वरची कड डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली ठेवा. नजर खाली असली की पापणी जास्त भाग झाकते आणि डोळा कमी सुकतो. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो, स्क्रीनपुढे ते पाच-सातवर येतं. त्यात तुमच्या ग्राफ्टची संवेदना कमी, म्हणजे डोळा सुकला तरी तो पापणीला बोलावणार नाही. म्हणून दर २० मिनिटांनी दूर पाहून दहा वेळा पापण्या पूर्ण मिटा, अर्धवट नको. दर दोन तासांनी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू घाला, कारण नेहमीच्या बाटलीतला प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार वापरात ग्राफ्टच्या वरच्या थराला इजा करतो. पंख्याचा किंवा एसीचा झोत चेहऱ्यावर नको.

नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक जण काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत रेषा ठेवतात. सिलिंडर असलेल्या डोळ्याला हे त्रासाचं आहे. पडदा काळा असला की बाहुली मोठी होते, कडेचा वेडावाकडा भागही वापरात येतो आणि पांढरी रेषा फुटून पसरते. काही दिवस फिक्या राखाडी पार्श्वभूमीवर गडद रेषा ठेवून पाहा. रेषांची जाडी फक्त स्क्रीनवर वाढवा, छपाईत बदलायची गरज नाही. कर्सर मोठा करा. बिंदू नजरेनं जुळवू नका, स्नॅप (कर्सर आपोआप नेमक्या बिंदूवर नेणारी सोय) चालू ठेवा आणि मापं टाइप करून द्या. अंतिम नकाशातली मापं सहकाऱ्याकडून एकदा तपासून घ्या, विशेषतः ३, ६, ८ हे आकडे. पुसट दिसताना हेच एकमेकांत मिसळतात.

पूर्ण दिवसावर एकदम जाऊ नका. चार तासांनी सुरुवात करा, ४५ मिनिटं काम आणि दहा मिनिटं स्क्रीनपासून दूर. दोन आठवडे डोकेदुखीशिवाय गेले तर तासभर वाढवा. सगळ्यात बारीक काम सकाळच्या पहिल्या दोन तासांत, फोन आणि बैठका नंतर.

साइटबद्दल आम्ही जास्त सावध आहोत, आणि त्याचं कारण धूळ नाही. धूळ गॉगलनं अडते. खरं कारण म्हणजे ग्राफ्टच्या कडेची जखम मूळ कॉर्नियाइतकी मजबूत कधीच होत नाही. टाके निघाल्यावर, कित्येक वर्षांनीसुद्धा, कोपर, चेंडू, दाराची कड किंवा सळईचं टोक डोळ्यावर बसलं तर ती उघडू शकते, आणि मग ग्राफ्टच नव्हे, डोळाच धोक्यात येतो. त्यामुळे पॉलिकार्बोनेटच्या काचांचा, बाजूनं बंद असलेला चष्मा साइटवर कायमचा. घरातही, विशेषतः लहान मुलांसोबत खेळताना, साधा पॉलिकार्बोनेट चष्मा लावा. नंबर नसला तरी. दुसरी गोष्ट खोलीच्या अंदाजाची. एका डोळ्यावर काम चालू असताना पायरीची उंची, फळीची कड, लटकलेली वायर यांचा अंदाज चुकतो. उजव्या डोळ्याला चष्मा किंवा लेन्स मिळून दोन्ही डोळे मिळून पाहू लागेपर्यंत परांच्यावर आणि कठडा नसलेल्या जिन्यावर चढू नका. तळमजल्यावर उभं राहून करायची पाहणी, तीही चष्मा, हेल्मेट आणि सोबतीसह, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर करता येईल. वेल्डिंग चालू असेल तिथून दूर राहा. गाडी चालवण्याचंही तसंच: नियमातली दृष्टीची अट पूर्ण होते का हे तपासून घेतल्याशिवाय नाही, आणि रात्री तर एवढ्यात नाहीच, कारण समोरच्या दिव्यांचा प्रकाश टाक्यांवर फुटतो.

चष्मा की लेन्स

आत्ता महागडा चष्मा करू नका, तो दोन महिन्यांत निरुपयोगी होईल. तात्पुरता, साध्या काचेचा नंबर मिळत असेल तर जरूर घ्या. दोन डोळ्यांच्या नंबरात तीन डायॉप्टरच्या वर फरक गेला की चष्म्यातून दोन्ही चित्रं वेगवेगळ्या आकाराची दिसतात आणि बहुतेकांना ते सहन होत नाही, मग एका-एका डोळ्यानं कितीही स्पष्ट दिसो. अशा वेळी उत्तर कडक लेन्स हेच असतं. लेन्स आणि कॉर्निया यांच्यामध्ये अश्रूंचा थर भरतो आणि वेडावाकडेपणा झाकला जातो. डाव्या डोळ्याला तुम्ही ती वापरताच, त्यामुळे सवयीचा प्रश्न नाही. काहींना टाके असतानाही ती बसवता येते. पण टाक्यावर घासू नये, ग्राफ्टला पुरेसा प्राणवायू मिळावा आणि आतल्या पेशी सशक्त असाव्यात, हे पाहूनच. ग्राफ्टवर लेन्स बसवण्याचा अनुभव असलेल्याकडूनच हे करून घ्या. जुनी उजवी लेन्स चुकूनही लावू नका, तो आकार आता त्या डोळ्याचा राहिलेला नाही.

सगळे टाके निघाल्यावरही तीन-चार डायॉप्टरचा सिलिंडर उरणं नेहमीचं आहे. शेवटच्या टाक्यानंतर दोन-तीन महिने आकार स्थिर होऊ देतात, मग कायमचा नंबर काढतात. चष्मा आणि लेन्स दोन्ही जमले नाहीत तर ग्राफ्टवर छेद देऊन किंवा लेसरनं सिलिंडर कमी करण्याचे मार्ग आहेत, पण तो विचार तेव्हाचा.

ज्यांचा फक्त आतला थर बदलला आहे त्यांनी वरचा हिशेब स्वतःला लावू नये. त्या ऑपरेशनात हवेच्या किंवा वायूच्या बुडबुड्यानं थर चिकटवतात, पहिले काही दिवस उताणं पडून राहावं लागतं, बुडबुडा विरेपर्यंत विमानप्रवास बंद असतो आणि दृष्टी बऱ्याचदा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत परतते. ज्यांचा आतला थर स्वतःचाच ठेवून वरचा जाड थर बदलला, त्यांचे टाके तुमच्यासारखेच चालतात, पण त्या आतल्या थराचं रिजेक्शन होत नाही आणि स्टेरॉइड लवकर थांबू शकतं.

साहेबांना काय सांगायचं

‘अजून किती दिवस’ याला एकच तारीख सांगाल तर ती चुकेल. त्याऐवजी डॉक्टरांकडून असं पत्र घ्या, ज्यात ‘कामास योग्य’ किंवा ‘अयोग्य’ एवढंच नसेल. मजकूर साधारण असा: ‘उजव्या डोळ्याचं कॉर्निया रोपण झालं असून ग्राफ्ट स्वच्छ आहे. टाके टप्प्याटप्प्यानं काढले जात असल्यानं दृष्टी पुढील सहा ते बारा महिने बदलती राहील. स्क्रीनवरचं काम सलग ४५ मिनिटांपेक्षा जास्त नको. दिवसातून ठरावीक वेळी औषधासाठी दहा मिनिटं मिळावीत. उंचीवरचं काम पुढील तपासणीपर्यंत बंद. चार ते सहा आठवड्यांनी तपासणीची रजा लागेल, आणि डोळा लाल झाल्यास किंवा दृष्टी घटल्यास त्याच दिवशी जाण्याची मुभा आवश्यक आहे.’ शेवटचं वाक्य वगळू देऊ नका. महिन्याच्या कामाच्या गडबडीत ‘उद्या जा’ असं म्हणणाऱ्याला हा कागद दाखवता आला पाहिजे. त्याची एक प्रत, चालू औषधांची यादी आणि दवाखान्याचा तातडीचा फोन नंबर टेबलाच्या खणात ठेवा, शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यालाही सांगून ठेवा.

पुढच्या भेटीला जाताना वही न्या आणि हे विचारून लिहून घ्या: पिनहोलमधून किती दिसतं, प्रेशर किती, टोपोग्राफीत सिलिंडर किती आणि कोणत्या अक्षावर, पुढचा टाका कोणता आणि कधी, स्टेरॉइडची पुढची पायरी कोणत्या तारखेला. टोपोग्राफीची छापील प्रत मागा. लेन्स बसवणाऱ्याला तीच लागणार आहे.